रेटिंग चढलं की घोडा अडकतो : हार्नेस शर्यतींचा कार्यक्रम कसा आखावा?

बॅलरटकर

नमस्कार मंडळी. प्रश्न व्हिक्टोरियातल्या छोट्या गावांच्या ट्रॅकवर होणाऱ्या हार्नेस शर्यतींचा आहे. इथे ऑन्टॅरिओ आणि स्वीडनमधलेही लोक लिहितात, म्हणून मुद्दाम इथेच विचारतोय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घोडा स्टँडर्डब्रेड जातीचा, मागे दोन चाकांची हलकी सल्की, तिच्यात बसलेला ड्रायव्हर. चौखूर उधळायला मनाई. पेसर रहवाल चालीनं पळतो, म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा पाय एकदम उचलतो. ट्रॉटर दुडकीनं पळतो, म्हणजे तिरक्या जोडीनं. चाल मोडली की ड्रायव्हरनं लगाम ओढून घोडा परत चालीवर आणायचा, आणि तेवढ्यात शर्यत निघून गेलेली असते.

ऑस्ट्रेलियात आधी ‘सी’ आणि ‘एम’ असे विजयांवरून ठरणारे वर्ग होते. २०१९ पासून राष्ट्रीय रेटिंग आलं. जिंकलं की गुण चढतात, मागे राहिलं की उतरतात. कल्पना चांगली आहे, पण गावाकडच्या ट्रॅकवर तीन गोष्टी खटकतात.

एक, घोडा एका मोसमात लागोपाठ चार-पाच शर्यती जिंकतो, रेटिंग भराभर चढतं आणि मग त्याच्या जोडीची शर्यतच सापडत नाही. तो महिनोन् महिने शेवटून तिसरा येत राहतो. मालकाचा धीर सुटतो आणि चांगला सुदृढ घोडा उत्तर अमेरिकेला विकला जातो किंवा घरी बसतो. दोन, ‘रेटिंग ६० पर्यंत’ अशी ढगळ अट असली की ४६ चा आणि ६० चा घोडा एकाच शर्यतीत येतात. निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो आणि बेटिंग बसतं. तीन, ट्रॉटर इतके कमी आहेत की त्यांचे वेगळे गट पाडताच येत नाहीत.

क्लबतर्फे लेखी सूचना द्यायच्या आहेत. ट्रॅक १००० मीटरचा, मोबाइल स्टार्टला (म्हणजे चालत्या गाडीच्या उघड्या पंखांमागून घोडे सुटतात तेव्हा) पुढच्या रांगेत सात, मागच्या रांगेत पाच. एका दिवसाला आठ शर्यती. ‘स्पर्धा वाढवा’ असं मोघम लिहून कोणी वाचणार नाही. अट कशी लिहायची, किती गुण, किती मीटर आणि कुठे फसतं, हे कळलं तर फार मदत होईल.

महालक्ष्मी_रेल

मी थरोब्रेडच्या, म्हणजे पाठीवर जॉकी बसतो त्या शर्यतींच्या बाजूनं लिहितो, कारण तुलना उपयोगी पडेल.

महालक्ष्मीला आणि पुण्याला हँडिकॅप शर्यतीत (चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सामना बरोबरीत आणतात त्या) रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे, तिसऱ्यात ४० ते ६६, दुसऱ्यात ६० ते ८६. यातली नीट पाहण्याची गोष्ट म्हणजे वर्ग एकमेकांवर चढलेले आहेत. ४३ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात जवळजवळ सर्वांत जड वजन घेऊन पळेल, नाहीतर तिसऱ्या वर्गात अगदी हलक्या वजनानं. दोन दारं उघडी राहतात, ट्रेनरनं घोडा बघून ठरवायचं. जड वजनाला न जुमानणारा धिप्पाड घोडा खाली राहतो, चपळ पण लहान चणीचा वर जातो.

हार्नेसमध्ये वजन चालत नाही. ड्रायव्हर घोड्याच्या पाठीवर नसून चाकांवर असतो, त्यामुळे दहा किलो चढवूनही सपाट ट्रॅकवर फार फरक पडत नाही. म्हणजे हँडिकॅपरच्या हातात उरतं काय? शर्यतीची अट, सुरुवातीची जागा आणि मीटरमधलं अंतर, एवढंच. यातली जागा हे तुमचं खरं वजन आहे असं मला वाटतं. रेटिंगचे पट्टे एकमेकांवर चढवा, वरच्या टोकाच्या घोड्याला बाहेरची जागा द्या, आणि तोच घोडा वरच्या पट्ट्यात गेला तर त्याला आतली द्या. आमच्याकडच्या ४३ ला मिळणारी दोन दारं तुमच्या घोड्यालाही मिळतील.

नोंदवहीवाला

वरचा मुद्दा अगदी बरोबर आहे. आता जागेची किंमत किती ते मोजून दाखवतो, कारण सूचनेत आकडा नसेल तर वाद नुसता चालत राहतो.

आतल्या खुंट्यांना लागून पळणारा आणि त्याच्या एक जागा बाहेरून पळणारा, यांच्यात साधारण १.८ मीटरचं अंतर धरा. वळणांवर बाहेरच्याला जास्त पळावं लागतं. पूर्ण एका फेरीत हा जादा पल्ला २ गुणिले पाय गुणिले १.८, म्हणजे जवळपास ११ मीटर. ट्रॅक लहान असो वा मोठा, एका फेरीमागचा हा आकडा बदलत नाही. बदलते ती फेऱ्यांची संख्या. २२४० मीटरची शर्यत ८०० मीटरच्या ट्रॅकवर २.८ फेऱ्यांची होते, तिथे बाहेरचा घोडा सुमारे ३२ मीटर जास्त पळतो. तुमच्या १००० मीटरच्या ट्रॅकवर २५ मीटर. सिडनीजवळच्या मेनँगलला ट्रॅक १४०० मीटरचा आहे, तिथे हाच आकडा १८ वर येतो. मैल १ मिनिट ५७ सेकंदांत, या वेगानं घोडा सेकंदाला पावणेचौदा मीटर जातो. म्हणजे तुमच्याकडे पूर्ण शर्यत एक जागा बाहेर राहिलेल्या घोड्याला जवळपास १.८ सेकंदांचा भुर्दंड पडतो. शिवाय समोर आडोसा नसेल तर वारा अंगावर. त्या जागेला ‘डेथ सीट’ म्हणतात ते उगाच नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. मैलाच्या शर्यतीत गाडीच्या पंखांमागून सुटल्यावर जागा शोधायला वेळच नसतो, म्हणून तिथे सुरुवातीच्या जागेची सोडत फार बोलते. २२४० ला थोडी उसंत मिळते. तेव्हा ज्या शर्यतीत घोड्यांच्या कुवतीत फरक जास्त आहे तिथे आखूड पल्ला आणि रेटिंगनुसार जागा, आणि जिथे सगळे एका मापाचे आहेत तिथे लांब पल्ला आणि खुली सोडत, असं जोडा. बहुतेक कार्यक्रमांत पल्ला आधी ठरतो आणि अट मागून चिकटवली जाते. ते उलटं व्हायला हवं.

आता रेटिंगनुसार जागा देण्याबद्दल. सगळ्यांत कमी रेटिंगला १ नंबर, त्याच्या वरच्याला २, अशी सरळ शिडी लावली की वेगळाच घोळ होतो. सर्वांत कमी रेटिंगचा घोडा बहुधा सुटायलाही मंद असतो. गाडीचे पंख मिटले की २ आणि ३ नंबरवाले त्याच्या पुढून आत घुसतात आणि तो खुंट्यांना लागून कोंडला जातो. त्याच्या मागे ८ नंबरला उभा असलेला घोडाही त्याच्याबरोबर अडकतो, त्याचा काही दोष नसताना. उलट सर्वांत वरच्या रेटिंगचा घोडा दर वेळी १२ नंबरला गेला की त्याचा मालक महिनाभरात नोंदणीच बंद करतो.

त्यापेक्षा गटवार सोडत काढा. बारा घोडे असतील तर खालचे चार १ ते ४ मध्ये, मधले तीन ५ ते ७ मध्ये, वरचे पाच मागच्या रांगेत, आणि प्रत्येक गटात चिठ्ठ्या. फायदा तोच राहतो, पण वरच्या घोड्याला कधीतरी ८ नंबर लागतो आणि वेगानं सुटणाऱ्याच्या पाठीमागून आयती वाट मिळते. आशा शिल्लक राहिली की नोंदणी टिकते.

गट पाडण्याआधी आपल्या ट्रॅकचे मागच्या दोन वर्षांचे निकाल काढून प्रत्येक जागेवरून किती सुटले, किती जिंकले, हे पल्ल्यानुसार वेगळं मांडा. ट्रॅकला शेवटच्या सरळ भागात आतून ओव्हरटेक करायची स्प्रिंट लेन असेल तर आघाडीच्या मागे बसणाऱ्याचं नशीब बदलतं, आणि दुसऱ्या ट्रॅकचा तक्ता तुमच्याकडे खोटा ठरतो.

मोहॉकरोड

ऑन्टॅरिओ आणि अमेरिकेत रेटिंगऐवजी पैशाची अट जास्त चालते. ‘मागच्या पाच शर्यतींत इतक्या डॉलरपेक्षा जास्त न मिळवलेले’ अशी. चांगली बाजू म्हणजे घोडा आपोआप खाली येतो, कारण जुना विजय पाच शर्यतींनंतर हिशोबातून गळतो. हीच गोष्ट तुमच्याकडे कमी पडतेय.

पण आंधळेपणानं उचलू नका. बक्षीस वाटप बहुतेक ठिकाणी ५०, २५, १२, ८, ५ टक्के असं पहिल्या पाचांत होतं. समजा १०,००० ची शर्यत आणि अट ‘पाच शर्यतींत ६,००० पेक्षा कमी’. एक घोडा एकदा जिंकला आणि चारदा मागे राहिला : ५,०००, पात्र. दुसरा तीनदा दुसरा आला, एकदाही जिंकला नाही : ७,५००, अपात्र. म्हणजे दर आठवड्याला इमानदारीनं पळणारा वर ढकलला जातो आणि एकदा जिंकून चार वेळा रेंगाळणारा खाली राहतो. शिवाय मोठ्या ट्रॅकवर ३०,००० च्या शर्यतीत पाचवा आला तरी १,५०० मिळतात. तेवढ्यासाठी छोट्या ट्रॅकवर चौथा आणि पाचवा मिळूनही पुरत नाही. घोडा तोच, हिशोब वेगळा.

म्हणून जिथे अट विचारपूर्वक लिहितात तिथे दोन दारं ठेवतात : ‘पाच शर्यतींत इतक्या डॉलरपेक्षा कमी, किंवा आयुष्यात तीनपेक्षा कमी विजय’. कधी तिसरं दारही असतं, ठरावीक किमतीला दाव्यात उतरवलेला घोडा.

क्लेमिंगचं, म्हणजे या दाव्याच्या शर्यतींचं, थोडं सविस्तर सांगतो, कारण कुवत मोजण्याची ती सर्वांत प्रामाणिक पद्धत आहे. मालक घोडा एका किमतीला उतरवतो. त्या किमतीला कोणीही परवानाधारक तो घेऊ शकतो. शर्यतीआधी ठरलेल्या वेळेच्या आत दाव्याची चिठ्ठी पेटीत पडते, एकापेक्षा जास्त दावे आले तर चिठ्ठी काढतात. त्या दिवसाचं बक्षीस जुन्या मालकाचं, घोडा नव्याचा. म्हणजे २०,००० चा घोडा १०,००० च्या शर्यतीत उतरवून बक्षीस मारायचं ठरवलं तर घोडाच हातचा जातो. हँडिकॅपर लागतच नाही, मालक स्वतःच्या हातानं रेटिंग लिहितो. घोडींना आणि कोवळ्या वयाच्यांना किमतीत सवलत असते, नाहीतर घोडी कोणी उतरवणारच नाही.

तुमच्या गावात मात्र हे चालेल असं वाटत नाही. क्लेमिंगला अनोळखी खरेदीदार लागतात. चाळीस घोडे आणि एकमेकांचे शेजारी असलेले ट्रेनर असतील तर कोणी कोणाचा घोडा दाव्यात उचलत नाही. धाक गेला की किमतीला अर्थ राहत नाही. शिवाय पाय दुखरा घोडा हातोहात खाली ढकलण्याची वाट होते ती वेगळीच. असं काही आणलंच तर शर्यतीनंतरच्या पशुवैद्यकीय तपासणीत लंगडा निघाला तर दावा रद्द, हे कलम पहिल्या दिवसापासून हवं.

बॅलरटकर

फार उपयोगी. गटवार सोडतीचा मुद्दा तर लगेच मांडता येईल. पण रेटिंग लवकर उतरवा म्हटलं की हमखास विरोध होतो : ट्रेनर मुद्दाम घोडा मागे ठेवतील, रेटिंग पाडतील आणि मग एक दिवस मोकळा सोडतील. याला काय उत्तर द्यायचं? आणि ट्रॉटरचं काय?

सोलवाला_कट्टा

ट्रॉटरबद्दल मी लिहितो, मुद्दाम घोडा रोखण्याबद्दल दुसरे सांगतील.

स्वीडनमध्ये पेसर जवळजवळ नाहीतच, सगळा खेळ ट्रॉटरचा. इथे शर्यतीची अट मुख्यतः आयुष्यभराच्या कमाईवर. ठरावीक क्रोनरपेक्षा जास्त कमाई असेल तर २० मीटर मागून सुटायचं, आणखी वरची पायरी असेल तर ४० मीटर. म्हणून २१४० मीटरच्या शर्यतीत काही घोडे २१६० पळतात. फ्रान्समध्ये हीच पायरी २५ मीटरची आहे. वरच्या हिशोबानं बघा : २० मीटर म्हणजे दीड सेकंदाला थोडंसं कमी. डेथ सीटच्या भुर्दंडाच्या जवळपास तेवढंच.

आयुष्यभराच्या कमाईचा दोष तुमच्या तक्रारीसारखाच, फक्त जास्त कडक. कमाई कधीच कमी होत नाही. चार वर्षांचा असताना भरपूर कमावलेला घोडा नवव्या वर्षी मंदावतो, पण कागदावर तो अजून बडाच. म्हणून इथे कमाईच्या जोडीला शेवटच्या पाच शर्यतींवरून निघणारे स्टार्टपॉइंट धरतात : ‘कमाई इतकी चालेल, पण पॉइंट इतक्यापेक्षा जास्त नकोत’. म्हातारा पण सध्या थंड असलेला घोडा त्या दारानं आत येतो. याशिवाय ‘स्पोरट्रापा’ म्हणजे जागांची शिडी असते. सर्वांत कमी कमाईच्या घोड्याला सर्वांत फायद्याची जागा, आणि पुढे चढत्या क्रमानं. फायद्याची जागा म्हणजे १ नंबर नव्हे. मंद सुटणाऱ्याला १ म्हणजे सापळा, हे वर आलंच आहे.

तुमच्याकडे ट्रॉटर कमी म्हणजे गट पाडता येणार नाहीत, तेव्हा एकाच शर्यतीत सगळे घ्या आणि अंतरानं फरक मिटवा. स्टँडिंग स्टार्ट (म्हणजे घोडे जागेवर उभे राहून सुटतात), १० मीटरच्या पायऱ्या, पल्ला किमान २६०० मीटर. पल्ला आखूड ठेवला तर मागून सुटणाऱ्याला भरून काढायला जागाच राहत नाही. सर्वांत मागच्या घोड्याला ४० मीटरपेक्षा जास्त देऊ नका. वर गेलात की त्याला नऊ-दहा घोड्यांना बाहेरून वळसा घालावा लागतो, म्हणजे दिलेल्या ४० मध्ये वळणांवरचे आणखी मीटर आपोआप मिळतात. कागदावरचं ४० मैदानात ६० होतं.

स्टँडिंग स्टार्टला सगळ्यात मोठा धोका चाल मोडण्याचा. पेसरला पायांत हॉपल्सचे पट्टे असतात, ते चाल बांधून ठेवतात. ट्रॉटरला सहसा तसा आधार नसतो. सुरुवातीची आडवी पट्टी उडाली की घाबरलेला घोडा चौखूर सुटतो आणि त्याला ओढून आणेपर्यंत पन्नास मीटर गेलेले असतात. म्हणून शेजारी उभे राहणारे घोडे विचार करून लावा : ज्यानं मागच्या तीन स्टँडिंग स्टार्टमध्ये दोनदा चाल मोडली त्याला आपल्या ओळीत सर्वांत बाहेर उभं करा. तो मोडला तरी दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. सलग मोडत असेल तर निकालाच्या शर्यतीआधी ट्रायलमध्ये स्वच्छ सुरुवात करून दाखवायची अट ठेवा.

चौसा

सांगली-कोल्हापूरकडे बैलगाडी शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात. कोवळ्या बैलाला पूर्ण वाढलेल्या बैलासमोर लावत नाहीत. तुमच्या रेटिंगमध्ये वयाचा विचार कमी पडतोय असं वाटतं.

दोन-तीन वर्षांचा घोडा आपल्या वयाच्या घोड्यांत जिंकतो. ते विजय पूर्ण मापानं मोजले की चौथ्या वर्षी तो थेट पक्क्या, मुरलेल्या सात-आठ वर्षांच्या घोड्यांसमोर जातो आणि तिथेच खचतो. वयोगटातल्या विजयाला निम्मेच गुण द्या. किंवा चौथ्या वाढदिवशी, म्हणजे मोसमाच्या हिशोबानं वय बदलतं त्या दिवशी, सगळ्यांचं रेटिंग एकदा तपासून वयोगटात कमावलेले गुण ठरावीक प्रमाणात कमी करा. घोड्यांना आणि घोडींना एकाच मापानं मोजणंही चूक. घोडीला खुल्या शर्यतीत काही गुणांची सूट हवी, नाहीतर मालक तिला वेळेआधीच पैदाशीला नेतात आणि तुमची नोंदणी आणखी घटते.

नोंदवहीवाला

आता मुद्दाम रोखण्याचा प्रश्न, कारण खरी अडचण तिथे आहे.

आधी उतार किती मंद आहे ते बघा. समजा विजयाला ५ गुण चढतात आणि पाचव्याच्या मागे राहिलं की १ उतरतो. ५० वरून चार विजय : ७०. आता घोड्याची खरी जागा ५८ ला आहे. बारा गुण उतरवायला बारा पराभव लागतात. दर पंधरवड्याला पळाला तर २४ आठवडे, जवळपास सहा महिने. सहा महिने पराभवच बघायचे असतील तर कोणता मालक चारा-खुराकाचा, नालांचा, ट्रेनिंगचा खर्च करत बसेल? या मंद उतारानं मुद्दाम रोखणं थांबत नाही, फक्त प्रामाणिक घोडा संपतो. रोखणाऱ्याकडे वेळ असतो, तो थांबतो.

उतार असा लिहा. पहिले दोन पराभव : प्रत्येकी १. सलग तिसऱ्यापासून : प्रत्येकी २. कुठल्याही ६० दिवसांत जास्तीत जास्त ८. पहिल्या चारांत आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. मोठ्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या शर्यतीला उतार नाही, कारण ती बहुधा तयारीची असते आणि तिथेच रोखण्याचा मोह सर्वांत जास्त. सुरुवातीलाच चाल मोडून मागे पडला तर त्या शर्यतीचाही उतार नाही. नाहीतर ट्रॉटरचे ट्रेनर चाल मोडण्यावरच रेटिंग पाडतील.

या हिशोबानं बारा गुण उतरायला सात पराभव पुरतात : १, १, आणि मग पाच वेळा २. वाटेत ६० दिवसांची मर्यादा आडवी येईल, तरी घोडा साडेतीन महिन्यांच्या आत आपल्या जागी पोचतो. आणि चढही उताराशी जोडा. पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या घोड्यानं जिंकलं तर ३ पुरेत, त्यानं स्वतःपेक्षा वरच्यांना हरवलं तरी तो एकच विजय असतो. पट्ट्याच्या वरच्या टोकाच्यानं जिंकलं तर ५, कारण तो आता इथला राहिलेलाच नाही. नाकभर अंतरानं जिंकला आणि वीस मीटरनी जिंकला, यातही फरक धरा.

रोखणाऱ्याला पकडायचं काम रेटिंगचं नाही, शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्ट्युअर्डचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या हार्नेस नियमावलीतला नियम १४९ स्पष्ट सांगतो की घोड्याला जिंकण्याची किंवा शक्य तितकी वरची जागा मिळवण्याची पूर्ण संधी मिळेल असे सगळे वाजवी उपाय ड्रायव्हरनं करायलाच हवेत. कार्यक्रम आखणाऱ्यानं स्ट्युअर्डच्या हातात पुरावा द्यावा. प्रत्येक घोड्याची शेवटच्या मैलाची चार चतुर्थांशांची वेळ काढा, फक्त आघाडीच्या घोड्याची नको. घोडा सातवा आला, पण शेवटचे ४०० मीटर त्याच शर्यतीत सर्वांत जलद पळाला आणि तिथवर ड्रायव्हरनं त्याला मागेच ठेवलं होतं, तर त्या शर्यतीचा उतार स्ट्युअर्डचा अहवाल येईपर्यंत रोखून धरायचा. एवढं एक कलम असलं तरी बराच खेळ थांबतो, कारण रोखण्याचा फायदाच तिथल्या तिथे गोठतो.

पट्ट्यांबद्दल. ठरावीक पट्टे ठेवायचेच असतील तर ४८ पर्यंत, ४५ ते ५३, ५० ते ५८, ५५ ते ६५, ६२ च्या वर, असे एकमेकांवर चढलेले ठेवा. पण नोंदणी थोडी असेल तिथे ठरावीक पट्टा हमखास फसतो : एका शर्यतीला पाच, दुसरीला सतरा. त्यापेक्षा सगळ्या पेसरची एकच नोंदणी घ्या, रेटिंगनं उतरत्या क्रमानं लावा आणि मग कापा. ४४ नोंदणी आली तर अकरा-अकराचे चार तुकडे होतात. कात्री बरोब्बर अकराव्यावर चालवू नका. यादीत जिथे दोन लगतच्या घोड्यांत चार-पाच गुणांची फट आहे तिथे कापा. १०, १२, ११, ११ झाले तरी चालतं. एका तुकड्यात वर-खाली ८ गुणांपेक्षा जास्त फरक आला तर त्या शर्यतीला गटवार सोडत, नसेल तर खुली सोडत.

यात ट्रेनरची एकच रास्त तक्रार असते : घोडा कोणत्या शर्यतीत, किती बक्षिसाला पळणार हे नोंदणीच्या वेळी कळत नाही. म्हणून बक्षिसाचं कोष्टक आधी छापा. तुकड्यातल्या मधल्या घोड्याचं रेटिंग इतकं असेल तर बक्षीस इतकं, असं. एकाच तबेल्याचे तीन घोडे एका तुकड्यात आले तर एकाला लगतच्या तुकड्यात हलवायची मुभा ठेवा, पण फक्त सीमेवरच्या दोन घोड्यांच्या अदलाबदलीनं.

तुमच्या आठ शर्यती मग अशा बसतात. एक ट्रॉटरची स्टँडिंग स्टार्टची, २६०० मीटरची. एक अजून न जिंकलेल्या पेसरची, खुल्या सोडतीनं. एक दोन-तीन वर्षांच्यांची. चार वरच्या कापणीतून. आठवी मात्र अडकलेल्यांसाठी राखून ठेवा : रेटिंग ७० पर्यंत, मागच्या दहा शर्यतींत एकही विजय नाही, आणि मागच्या पाचांत पहिल्या तिघांत दोनपेक्षा जास्त वेळा नाही. ही शेवटची अट विसरलात तर दर आठवड्याला दुसरा येणारा घोडा ती शर्यत लुटून नेतो आणि ज्याच्यासाठी ठेवली तो पुन्हा मागेच राहतो. बक्षीस कापणीतल्या सर्वांत खालच्या शर्यतीपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर हरत राहण्यालाच भाव येईल.

बॅलरटकर

कापणीची पद्धत समितीपुढे मांडायची म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, ‘हे चाललं की नाही ते कसं ठरवणार?’

नोंदवहीवाला

बारा आठवडे चालवा आणि चार रकाने भरा. पहिला आणि पाचवा यांच्यातलं अंतर मीटरमध्ये. ते घटलं पाहिजे. प्रत्येक शर्यतीत खरोखर सुटलेल्या घोड्यांची संख्या, नोंदलेल्यांची नव्हे. सुरुवातीच्या यादीतले किती घोडे बाराव्या आठवड्यालाही पळत होते. आणि रेटिंग ६० च्या वरच्या घोड्यांपैकी किती पहिल्या तिघांत आले. चौथा रकाना रिकामा राहिला तर उतार अजून मंद आहे, सलग तिसऱ्या पराभवाऐवजी दुसऱ्यापासूनच २ गुण सुरू करा. पहिला रकाना सुधारला पण दुसरा घसरला तर तुकडे फार अरुंद झालेत, ते थोडे रुंद कापा.

मोहॉकरोड

पाचवा रकाना वाढवा : त्या बारा आठवड्यांत किती घोडे परदेशी विकले गेले, आणि विकले गेले तेव्हा त्यांचं रेटिंग किती होतं. मागच्या वर्षीचे तेच बारा आठवडे शेजारी लिहा.